थंड्याची घाई

त्याला सगळे थंड्या म्हणायचे आणि तो चिडायचा नाही. चिडणार कसा? चिडायलासुद्धा थोडी घाई लागते. घराला आग लागली तर हा आधी बादली स्वच्छ विसळून घेईल आणि मग पाणी भरायला जाईल, असं त्याच्याबद्दल कायम सांगितलं जायचं. असं कधी घडलं नव्हतं. पण घडलं नव्हतं असंही त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याचं काम तळघरात. उतारावर द्राक्षांची बाग, बागेच्या पायथ्याशी दगडी इमारत, आणि तिच्या पोटात ते तळघर. मिसरूड फुटायच्या आत तो त्या पायऱ्या उतरला आणि केस पिकले तरी रोज उतरतच होता. तिथे सदा गारवा. मे महिन्यात वरची माणसं घामाने निथळत असायची आणि हा खाली लोकरीची टोपी घालून लाकडी पिंपांमधून फिरायचा. त्याचे हात कायम गार. लग्नाआधी बायकोने त्याचा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तिने आधी विचारलं होतं, बरं वाटत नाही का.

बायको म्हणजे मुकादमीण. खरं तर बागेत द्राक्षं तोडणाऱ्या बायका-माणसांची ती मुकादम, पण एकदा नाव पडलं की पडलं, पुढे दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला मुकादमीणच म्हणायचे. बागेत तिचं राज्य, तळघरात त्याचं. घरात कुणाचं ते विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि विचारायची गरजही नव्हती.

त्यांची ओळख झाली ती भांडणातून. घडांत कच्चे मणी येतात अशी तक्रार घेऊन थंड्या वर बागेत गेला होता. तिने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, हातातल्या घडाचा एक मणी तोडून त्याला दिला आणि म्हणाली, साल थुंका, रस गिळा आणि बी चावा. बी कडकन फुटली. भाजलेल्या दाण्यासारखी लागली. मग तिने दुसऱ्या रांगेतला मणी दिला, त्याची बी हिरवी, चिकट, तोंड वाकडं करणारी. पहिला घड पिकलेला, दुसरा नाही, रंगावर काय जाता, असं ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. थंड्या खाली आला तो दिवसभर जिभेवर ती भाजकी चव घेऊन. पुढच्या हंगामाच्या आत लग्न झालं. त्याच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट झटपट झाली असं लोक म्हणायचे, पण तीही घाई तिचीच होती.

आता त्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दरवर्षी नवी वाइन पिंपात भरली की थंड्या पेल्यात दोन घोट घेऊन वर यायचा. मुकादमीण हात पुसायची, एक घोट घ्यायची, डोळे मिटून तोंडात फिरवायची आणि म्हणायची, "थांबू द्या." पुन्हा काही महिन्यांनी पेला यायचा. थांबू द्या. पुन्हा यायचा. थांबू द्या. मग कधीतरी, एखाद्या साध्याच दिवशी, भाजी निवडता निवडता ती घोट घ्यायची आणि म्हणायची, "आता चालेल." बस. ती ‘आता चालेल’ म्हणाल्याशिवाय बागेचे मालक एक बाटली भरायचे नाहीत. यापेक्षा मोठं कौतुक तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. ‘छान’ हा शब्द तिला माहीत होता की नाही याचीच लोकांना शंका होती. लेक झाली तेव्हा सुइणीने बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि म्हणाली, बघा किती गोड आहे. तर ही बाई त्या बाळाकडे नीट बघून म्हणाली, थांबा, जरा मोठी तर होऊ दे. लेकीने ही गोष्ट पुढे जन्मभर आईला ऐकवली.

तर असं सगळं चाललेलं असताना ते थंड वर्ष आलं.

वसंत लांबला. वेलींना फुटवे आले तेच मुळी संकोचत. फुलं लागली आणि नेमका पाऊस लागला, निम्मी फुलं गळून गेली, उरलेल्यांचे घड विरळ आणि मणी वाटाण्याएवढे. उन्हाळा म्हणायचा तो नावालाच. माणसं स्वेटर घालून रांगांमधून फिरत होती. द्राक्षांना रंग चढायला हवा त्या दिवसांत ती हिरवीगार, जशी काही त्यांना कुठे जायचंच नव्हतं. थंड वर्षाचं असं असतं. साखर सावकाश भरते, आंबटपणा हटता हटत नाही, साल जाड होते. पण वेळ मिळाला तर अशाच द्राक्षांना जो वास येतो तो रखरखीत उन्हात पिकलेल्यांना येत नाही. वेळ मिळाला तर. सगळी मेख तिथेच आहे.

आणि त्याच उन्हाळ्यात मुकादमिणीच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने ते अंगावर काढलं. मग लेक, जी शहरात औषधाच्या दुकानात काम करायची, ती सुट्टी काढून आली आणि आईला बळंच दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं की हिवाळा निघेल, वसंताचा भरवसा धरू नका. लेक रडली. थंड्याने डॉक्टरांना विचारलं की तिला बागेत बसलेलं चालेल का. डॉक्टर म्हणाले, तिला जे करावंसं वाटेल ते करू द्या. तेव्हा थंड्याला कळलं की हे खरं आहे.

तो हंगाम मुकादमिणीने रांगेच्या टोकाशी स्टुलावर बसून काढला. अंगात थंड्याचा जाड कोट, मांडीवर टोपली. बाया घड आणून दाखवायच्या, ती बी चावायची आणि मान हलवायची. नाही. शेजारच्या बागा तोडून झाल्या. पावसाचे ढग रोज डोंगराच्या डोक्यावर येऊन बसायचे. मालक भला माणूस, पण त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, कारण पाऊस आला असता तर घड वेलीवरच कुजले असते. ते रोज यायचे, तिच्याजवळ उभे राहायचे, आणि ती न विचारताच सांगायची, थांबू द्या. ढग आले, थांबले, निघून गेले. शेवटी एका धुक्याच्या सकाळी तिने एक बी चावली आणि थंड्याकडे बघितलं. त्याला आवाज ऐकू आला. कडक.

धुक्यात, गारठलेल्या बोटांनी सगळ्यांनी तोडणी केली. घड इतके थंड होते की हौदात टाकल्यावर रस आंबायचं नाव घेईना. दुसरा कुणी असता तर हौदाला ऊब दिली असती. थंड्याने गोणपाटं टाकली आणि तसंच मुरू दिलं. थंड रसात साल आपला रंग आणि वास सोडते, कडूपणा मात्र सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. देठ त्याने एकूण एक काढून टाकायला लावले, कारण थंड वर्षात देठ हिरवेच राहतात आणि रसात उतरले तर काढा होतो. मग एकदाचं आंबणं सुरू झालं, साली वर तरंगून आल्या, आणि तो सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने तो थर हलकेच खाली लोटत राहिला. गरम वर्षात तो दांड्यावर अंगाचा भार टाकायचा. यंदा नुसता हात टेकवायचा. पिळतानाही तेच. पहिली धार ओसरली की यंत्र बंद. मालक म्हणाले, अजून बराच रस आहे त्यात. थंड्या म्हणाला, आहे, पण तो रागावलेला आहे.

सगळं मिळून पाच पिंपं भरली, दोन काचेचे बुधले, आणि वर एक पिल्लू. पिल्लू म्हणजे छोटं पिंप, काखेत धरून नेता येईल एवढं. ते असतं भर घालण्यासाठी. लाकूड वाइन पितं, थोडी हवेत उडून जाते, आणि पिंपात वर रिकामी जागा झाली की तिथे हवा शिरते. हवा शिरली की वाइनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अधूनमधून त्याच वाइनची भर घालून पिंप काठोकाठ ठेवायचं. आणि भर घालण्याआधी पिल्लूचा वास घ्यायचा. दर वेळी. थंड्याला त्याच्या उस्तादाने हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि त्याने पुढे ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांना एवढ्यावरूनच काय तो ओरडला असेल. एका नासक्या पेल्याने पाच पिंपं बाटतात, वास घे.

पहिला पेला घेऊन तो वर आला तेव्हा मुकादमिणीची खाट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणली होती, कारण घरात ऊब तेवढी तिथेच होती. तिने घोट घेतला. हिरव्या सफरचंदासारखी दात आंबवणारी वाइन. तिने डोळे मिटले, बराच वेळ तोंडात फिरवली आणि म्हणाली, थांबू द्या. मग पेला परत देताना, खिडकीबाहेर बघत, पुढचं म्हणाली.

"ही चांगली होणार आहे. हिची चव मला कळली असती तर बरं झालं असतं."

एवढंच. पण बाईने जन्मात काही मागितलं नव्हतं आणि हे मागितल्यासारखंच होतं. थंड्या पायऱ्या उतरून खाली आला आणि पिंपांपुढे उभा राहिला. लाल वाइन दोनदा आंबते. पहिल्यांदा साखरेची दारू होते. दुसऱ्यांदा तो सफरचंदी आंबटपणा दह्यासारखा मऊ होतो, आणि मगच वाइन तोंडात मावते. पण हे दुसरं आंबणं उबेशिवाय होत नाही. त्या तळघरात ते हिवाळाभर झोपायचं आणि वसंतात, दगड तापले की, आपसूक जागं व्हायचं. म्हणजे जो वसंत हिच्या वाट्याला नव्हता, त्याच वसंताची ती वाइन वाट बघणार होती.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला लावलं, त्याने मग ती एक घाई केली. पिल्लू काखेत मारलं आणि वर घेऊन आला. स्वयंपाकघरात शेगडीच्या मागे ठेवलं आणि जुन्या घोंगडीत गुंडाळलं. मुकादमिणीने खाटेवरून विचारलं, हे काय. तो म्हणाला, पट्ट्या सैल झाल्यात, गळतंय का बघायचंय. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार तपशील देतो. कुठली पट्टी, किती सैल, सगळं त्याने सांगितलं. ती हूं म्हणाली आणि कुशीवर वळली.

तो येता-जाता पिल्लूला कान लावायचा. आत दुसरं आंबणं सुरू झालं की बारीक चुरचुर ऐकू येते. एका सकाळी ती ऐकू आली, आणि लेकीने बापाला जन्मात पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. ती आता मुक्कामालाच आली होती. थंड्या रोज थोडी काढून चाखायचा. झाली का, मऊ झाली का. रोज थोडी काढली की वर रिकामी जागा रोज थोडी वाढणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने हातावर फटका मारला असता. पण काढलेल्या जागी भर घालायची तर खालची गार, कच्ची वाइन घालावी लागली असती, आणि ती घातली की पुन्हा पहिल्यापासून. नको म्हणाला. तिकडे खोलीत ती दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

आणि एके दुपारी त्याला वाटलं, झाली. त्याने चांगला पेला काढला, पुसला, दोन घोट ओतले आणि तिच्या हाताशी नेला. लेकीने आईला उठून बसायला मदत केली. मुकादमिणीने वास घेतला. थांबली. घोट घेतला, डोळे मिटले, तोंडात फिरवला, गिळला. मग डोळे उघडून तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो उभा होता, टोपी हातात, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

"छान आहे," ती म्हणाली.

थंड्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने मालकांना जाऊन सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. छान म्हणाली, ती, स्वतः. त्यानंतर रोज दुपारी तो दोन घोट न्यायचा आणि ती घ्यायची, अन्न जाईना तेव्हासुद्धा ओठ ओले करायची. थंडी ओसरायला लागली होती तेव्हा, अशाच एका दुपारी, तो पेला घेऊन आत गेला आणि लेकीने मान हलवली.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. लेक काही दिवस राहिली, मग तिलाही कामावर जावं लागलं. निघायच्या दिवशी तिने बघितलं तर बाप स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पिल्लूवरची धूळ आपल्या बाहीने पुसत होता, हळूहळू, एकेक फळी. ती दारात उभी राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिने. मग मिटलं आणि बॅग उचलली.

पिल्लूत अजून निम्म्याहून कमी वाइन होती. आता तिचं करायचं काय? पिणं त्याला शक्य नव्हतं. फेकणं तर त्याहून नाही. खाली पाच पिंपं हिवाळाभर थोडी थोडी आटली होती, हाताशी होते ते दोन काचेचे बुधले भर घालून संपले होते. पिल्लू तर भर घालण्यासाठीच असतं. त्याने ते काखेत घेतलं आणि पायऱ्या उतरला. त्याला वाटलं, तिने ओठ लावलेली ही वाइन, ती आता सगळ्या पिंपांत जाईल, म्हणजे ती थोडी थोडी सगळीकडे राहील. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटलं असंच.

बूच काढलं आणि तो ओतायला लागला. वास घेतला नाही. तुम्ही म्हणाल, एवढा मुरलेला माणूस, विसरला कसा? विसरला नाही. त्याने तोंड फिरवलं, मुद्दाम श्वास रोखून धरला. त्या बुचातून जो वास आला असता तो त्या उबदार स्वयंपाकघराचा, घोंगडीचा, तिच्या शेवटच्या दुपारींचा आला असता, आणि तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. पहिलं पिंप भरलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याकडे वळेपर्यंत पिल्लू रिकामं झालं. तेव्हा त्याने जुनी युक्ती केली. भर घालायला वाइन नसेल तर स्वच्छ गोटे पिंपात सोडतात, वाइन आपोआप काठाला येते. दाराशी डब्यात गोटे होते, गुळगुळीत, मुकादमिणीने वर्षानुवर्षं रांगांमधून वेचून आणलेले. वेलीच्या पायाशी अडचण करतात म्हणायची. त्याने ते उकळत्या पाण्यातून काढले, एकेक करून पाचव्या पिंपात सोडले आणि सगळ्या पिंपांना बुचं लावली, आंबण्याचा वायू निघून जावा म्हणून जराशी सैलच.

मग तो वर आला आणि बरेच दिवस खाली गेलाच नाही. मालकांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. वसंत आला, दगड तापले, पिंपं जागी झाली, पुन्हा थोडी आटली, आणि भर घालायला कुणी नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो एकदाचा तळघरात उतरला. शेवटच्या पायरीवरच त्याला कळलं. नाकात सुई टोचावी तसा वास. पहिलं पिंप उघडलं, व्हिनेगर. दुसरं, तेच. तिसरं आणि चौथंही. पाचवं उघडायचा त्याला धीर झाला नाही. तो पायरीवर बसला. तिने धुक्यात वाट बघून पिकवलेलं ते शेवटचं पीक, त्यानेच नासवलं होतं. वैऱ्याने केलं असतं तर निदान वैऱ्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

रविवारी लेक आली. बाप घरात नाही म्हणून ती तळघरात उतरली, आणि वास येताच जागच्या जागी थांबली. त्याने तिला सगळं सांगितलं, पिल्लूपासून. भर घातली हेही, वास घेतला नाही हेही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, आईने मला सांगून ठेवलं होतं."

"काय?"

"की पिल्लूतली नासायला लागलीये. मी गेल्यावर बाबांना सांग, उरलेली ओतून टाकायची, तिची भर घालायची नाही. म्हणाली, आत्ता सांगू नकोस, त्यांनी फार हौसेने केलीये." तिचा आवाज चिरकला. "मी सांगणारच होते. त्या दिवशी तुम्ही ते पिल्लू पुसत बसला होतात. मला बोलवेना."

लेकीला वाटलं तो रागावला. रागावणार कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने तिच्या खुशीसाठी घाई केली, तिने त्याच्या खुशीसाठी खोटं सांगितलं, लेकीने त्याच्यासाठीच तोंड मिटलं, आणि सगळ्यांच्या मायेने मिळून चार पिंपं नासवली. त्याने आपला गार हात लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"तुझा काही दोष नाही," तो म्हणाला. "उभ्या जन्मात ती ‘छान’ म्हणाली नव्हती. ती म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल गं. मला ते ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं."

पाचवं पिंप लेकीने उघडलं. नाक खाली नेलं, वर काढलं, पुन्हा नेलं. मग बापाचा हात धरून त्याला ओढत आणलं. आत द्राक्षांच्या वासाखेरीज काही नव्हतं. थंड, ओल्या मातीचा, सावलीतल्या फुलांचा वास. गोट्यांनी वाइन जवळजवळ काठाला धरून ठेवली होती, आणि पिल्लू त्या पिंपापर्यंत पोचलं नव्हतं.

मालक आले. चार पिंपांजवळून चालत गेले. वाइन व्हिनेगरवाल्याकडे जाईल आणि लाकडात ते मुरलंय म्हणून पिंपंही द्यावी लागतील, असं म्हणाले. थंड्या म्हणाला, मी काम सोडतो. मालक म्हणाले, पाचव्याकडे बघायला कोण आहे मग? आणि पायऱ्या चढून गेले. थंड्या राहिला. पाचव्या पिंपावरची सगळी कामं त्याने आपल्या हाताने केली, आणि दर वेळी बूच काढलं की आधी वास घेतला, कितीही जिव्हारी लागला तरी.

ती वाइन फार सावकाश उमलली. पहिल्या वर्षी तिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षीही आखडलेलीच. लेक सुट्टीला यायची, बाप खालून पेल्यात दोन घोट आणायचा, स्वतः घ्यायचा आणि म्हणायचा, थांबू दे. मालक विचारायचे, थांबू द्या. मालकांनी शेवटी विचारणंच सोडलं. लेकीला मनात वाटायचं, ही वाइन कधीच व्हायची नाही, कारण झाली असं म्हटलं तर आईचं म्हणून वाट बघायला काही उरणार नाही. तिने ते बोलून दाखवलं नाही. या घरात बोलायचं राहून गेलं की काय होतं हे माहीत असूनही नाही दाखवलं.

मग एका हिवाळ्यात, ती स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना, तो पेला घेऊन वर आला. नेहमीसारखा उभा राहिला. आधी वास घेतला. घोट घेतला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"छान आहे," तो म्हणाला.

लेकीच्या हातातली सुरी थांबली. तिचा चेहरा पडला. "बाबा," ती म्हणाली, "खरं सांगा मला. ही पण गेली का?"

थंड्याने मान हलवली. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला, लहान मुलासारखा, टोपी हातात धरून. आत खाटेची जागा कधीचीच रिकामी होती, तरी त्याने तिकडे बघूनच सांगितलं.

"नाही गं. आता चालेल."

लेकीने हात पुसले, त्याच्या हातातून पेला घेतला आणि उरलेला घोट प्यायली. मग तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि राहिलेली भाजी चिरायला घेतली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पिंप रिकामं केलं, बाटल्या भरल्या आणि तळातले गोटे बाहेर काढले. ते जांभळे झाले होते. थंड्याने गरम पाण्याने, मग गार पाण्याने, कितीदा तरी ते धुतले, पण रंग गेला नाही. तेव्हा त्याने ते तसेच कोरडे केले आणि दाराशी तिच्या डब्यात परत ठेवले.